घाट उतरविणारे हात

अवाढव्य वाहनांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे आपल्या मनात परदेशांतील खाणींत फिरणारे प्रचंड डंपर येतात, किंवा अग्निबाण पाठीवर घेऊन मुंगीच्या पावलांनी चालणारी अमेरिकेतील ती राक्षसी गाडी येते. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु अर्धा किलोमीटर लांबीचे आणि हजार टनांहून अधिक वजनाचे वाहन डोंगराच्या कडेने खाली उतरविण्याचे काम आपल्या अगदी घराजवळ, लोणावळा आणि कर्जत यांच्या दरम्यान, दीडशेहून अधिक वर्षे अहोरात्र चालू आहे. त्या वाहनात आपण स्वतः बसलेलो असतो. खिडकीबाहेरचे धबधबे पाहतो, मुलांना बोगदे मोजायला लावतो, कर्जत आले की बटाटेवड्याकडे हात लांबवतो. या सर्व वेळात सर्वांत पुढे बसलेला मनुष्य काय करीत असतो, याचा विचार आपल्या मनाला क्वचितच शिवतो. म्हणून बोरघाटाच्या या रेल्वेमार्गाचा आणि तेथे गाडी हाकणाऱ्या माणसांचा इतिहास आम्ही वाचकांपुढे थोडक्यात मांडीत आहोत.

डोंगराशी झालेला करार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. पुढल्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि मे १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत गाडी जाऊ लागली. दुसरीकडे घाटमाथ्यावरून खंडाळा ते पुणे हा मार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला सह्याद्री मात्र जेथल्या तेथे होता. मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि वर खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. एका प्रवासात दोन युगे अनुभवण्याचा तो प्रकार होता.

ही फट बुजविण्याचे काम जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी हाती घेतले. १८५६ मध्ये खोदाई सुरू झाली. पहिले ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. त्यांच्या कारकिर्दीत मजुरांच्या थकलेल्या वेतनावरून १८५९ मध्ये दंगल उसळली आणि त्यांना ठेका सोडावा लागला. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हे इंग्लंडहून आले. परंतु येथे पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून ते निधन पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी पतीचा ठेका पुढे चालविण्याचे ठरविले. परक्या देशात, नुकतेच वैधव्य आलेले असताना, अशा कामाची जबाबदारी त्या बाईंनी पत्करली. प्रत्यक्ष कामाची देखरेख ॲडमसन आणि क्लाऊझर या दोन अभियंत्यांकडे सोपविण्यात आली. ॲलिसबाईंना छायाचित्रणाची आवड होती. घाटाचे काम चालू असताना त्यांनी टिपलेली छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

१८६१ मध्ये कामाची धांदल शिगेला पोहोचली तेव्हा सुमारे ४२ हजार माणसे या एका घाटात राबत होती. दोरांना लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोके पाडणारे, पाट्या वाहणाऱ्या बाया, दगड घडविणारे पाथरवट, असा तो जनसागर होता. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यांतील किती जणांचे प्राण घेतले याची नेमकी नोंद कोणी ठेवली नाही. २५ हजार हा आकडा मात्र वारंवार दिला जातो. त्याची निम्मी माणसे गेली असे धरले तरी या मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरला काही शे जीव पडले असा हिशेब निघतो. बर्कलेसुद्धा मार्ग पुरा झालेला पाहण्यास उरले नाहीत. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेवर २५ बोगदे होते आणि एकूण चढ १,८३१ फुटांचा, म्हणजे जवळजवळ ५६० मीटरचा होता.

सदतिसांत एक

या घाटातील सर्वांत तीव्र चढ ‘सदतिसांत एक’ असा सांगतात. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही, बैलगाडीलाही तो जड नाही. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक ज्या सहजतेने फिरते, त्या सहजतेने ते घसरतेही. रेल्वेचे सारे सामर्थ्य या गुळगुळीतपणात आहे आणि सारे भयही त्यातच आहे. सपाटीवर एक इंजिन शेकडो टनांचा भार ओढू शकते, कारण घर्षण अत्यल्प असते. तेच इंजिन चढावर आले की चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून इंजिनात कोरड्या वाळूची पेटी ठेवतात. चाक आणि रूळ यांच्या मध्ये चिमूट-चिमूट वाळू सोडून पकड मिळविण्याची युक्ती वाफेच्या काळात होती आणि विजेच्या काळातही आहे. इतक्या प्रगत यंत्राला अखेर वाळूच्या कणांचा आधार घ्यावा लागतो, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

आता उतरणीचा हिशेब पाहू. बाराशे टनांची गाडी सदतिसांत एकच्या उतारावर उभी केली तर केवळ स्वतःच्या वजनामुळे ती सुमारे बत्तीस टनांच्या ओढीने खाली खेचली जाते. माथ्यावरून पायथ्यापर्यंत येईतो तिच्या अंगात जी शक्ती साठते, ती विजेच्या मापात मोजली तर सुमारे १,८०० युनिट भरेल. एखाद्या साध्या कुटुंबाला वर्षभर पुरेल इतकी ही वीज झाली. ही सगळी शक्ती अर्ध्या-पाऊण तासात कोठेतरी जिरवावी लागते. ब्रेक लावणे म्हणजे ती शक्ती उष्णतेत रूपांतरित करून वाऱ्यावर सोडून देणे. ब्रेक अतिशय तापले तर त्यांची पकड सैल होते. सैल झाली की वेग वाढतो. वेग वाढला की ब्रेक अधिक तापतात. या चक्रात सापडलेली गाडी पुन्हा हाती येत नाही. त्यामुळे घाट उतरताना वेग वाढल्यावर तो आवरायचा नसतो, मुळात वाढूच द्यायचा नसतो. ताशी तीस किलोमीटरच्या आसपासची जी मर्यादा येथे उतरत्या गाड्यांना घालून दिली आहे, तिचे मर्म हे आहे.

जुन्या चालकांची साधने

सुरुवातीच्या काळात चालकाच्या हाती काय होते? घाटासाठी खास बनविलेली वजनदार टँक इंजिने होती. चाकांवरच्या ब्रेकखेरीज थेट रुळावर दाबून बसणारे घसरब्रेकही त्यांना जोडलेले असत. परंतु सबंध गाडीला एका खटक्यासरशी आवळणारा ब्रेक तेव्हा अस्तित्वात नव्हता. गाडीत ठिकठिकाणी ब्रेकचे डबे जोडलेले असत आणि प्रत्येकात एक मनुष्य हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळी. चालकाने शिट्टी द्यायची आणि मागच्या माणसांनी ती ऐकून चक्रे फिरवायची. पावसाळ्यात, बोगद्याच्या गडगडाटात, दाट धुक्यात ती शिट्टी मागे पोहोचली नाही तर काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. गाडी एकट्या चालकाच्या हाती नसे. एकमेकांना न दिसणाऱ्या पाच-सहा माणसांच्या परस्परविश्वासावर ती घाट उतरे.

त्यात भर म्हणजे खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराचा कडा एका दमात ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून बर्कले यांनी मार्गाला नागमोडी वळण न देता सरळ कोन दिला होता. गाडी एका टोकाला जाऊन थांबे. पुढे रूळच नसत, दरी असे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा उतार उतरू लागे. म्हणजे उतरत्या चालकाला एका ठरावीक जागी, दरीच्या तोंडाशी, गाडी पूर्णपणे उभी करावीच लागे. चार हात पुढे-मागे चालणार नव्हते.

निसर्ग आणि गुरुत्वाकर्षण यांनी आपला हिशेब लवकरच मांडला. जुलै १८६७ मध्ये, भर पावसाळ्यात, माऊ-की-मल्ली येथील उंच कमानींचा दगडी पूल कोसळला. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी आवरली गेली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनवर न थांबता रुळांच्या अखेरीपलीकडे गेली. सरळ उभ्या कड्याने दिलेली ताकीद होती ती. पुढे व्हॅक्यूम ब्रेक आले. गाडीखालून जाणाऱ्या नळीतील हवा शोषून ब्रेक मोकळे ठेवायचे आणि नळी कोठेही फुटली किंवा गाडी मध्येच तुटली तर सर्व डब्यांचे ब्रेक आपोआप आवळले जायचे, अशी ही रचना होती. बिघाड झाल्यास गाडी धावत सुटण्याऐवजी थांबावी, हा विचार त्या रचनेत प्रथमच मूळ धरून बसला.

चुकणाऱ्यासाठी राखून ठेवलेली वाट

घाटातील ज्या व्यवस्थेने आमचे मन सर्वांत अधिक वेधून घेतले, ती म्हणजे ‘कॅच सायडिंग’. उतारावर काही ठिकाणी मुख्य मार्गाला एक फाटा फुटतो. हा फाटा कोठेही जात नाही. तो डोंगराच्या अंगावर उलट चढत जातो आणि तेथेच संपतो. अनावर झालेली गाडी मुख्य मार्गावर पुढे जाऊन समोरच्या गाडीवर आदळण्याऐवजी या फाट्यावर जावी आणि चढावर वेग हरवून थांबावी, यासाठी तो बांधला आहे.

यातली खरी शहाणपणाची गोष्ट निराळीच आहे. सामान्यतः रुळांचे सांधे मुख्य मार्गाकडे वळविलेले असतात आणि आणीबाणीत ते बदलतात, असे आपल्याला वाटेल. घाटात नेमके उलट आहे. सांधे नेहमी कॅच सायडिंगकडेच वळविलेले असतात. उतरत्या गाडीच्या चालकाने आधी गाडी पूर्ण उभी करावयाची. गाडी आपल्या ताब्यात आहे हे त्याने अशा रीतीने कृतीने सिद्ध केले, की मगच सांधा फिरतो, सिग्नल पडतो आणि मुख्य मार्ग मोकळा होतो. येथे वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. पंचवीस वर्षे घाट उतरविणाऱ्या चालकालाही दर फेरीला आपला ताबा नव्याने सिद्ध करावा लागतो. काल त्याने गाडी सुखरूप उतरविली होती, या पुण्याईवर आज सांधा फिरत नाही.

ज्यांनी ही योजना आखली त्यांनी माणूस चुकणार हे गृहीत धरले होते. परंतु त्याला दोष देत बसण्यापेक्षा त्याच्यासाठी एक वाट बांधून ठेवणे त्यांनी पसंत केले. ती वाट वर्षानुवर्षे रिकामी पडून राहते, तिच्यावर गवत उगवते, तरी तिची डागडुजी करावी लागते. वापरात येऊ नये म्हणूनच जिचा सांभाळ करावयाचा, अशी ही वाट आहे. आपल्या कुटुंबांतून, संस्थांतून आणि समाजातून अशा किती वाटा आपण राखून ठेवल्या आहेत, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाउन’. त्यामुळे बोरघाटात वर चढणारी प्रत्येक गाडी डाउन आणि खाली उतरणारी प्रत्येक गाडी अप! चढणे कोणते आणि उतरणे कोणते, हे कोणत्या टोकाकडून पाहतो त्यावर अवलंबून असते, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

दांडा कोणाच्या हाती?

वाफेच्या युगात घाट चढणाऱ्या इंजिनाच्या पाटावर ज्यांनी उभे राहून काम केले, त्यांचे हाल शब्दांत मांडणे कठीण आहे. समोर भट्टीचे उघडे तोंड, मागे कोळशाचा ढीग. बोगद्यात शिरताच धूर छताला आपटून खाली येई आणि माणसे तोंडावर ओला फडका धरून श्वास घेत. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन घामाने निथळत असे. बाहेर मात्र सह्याद्रीचा गार वारा वाहत असे.

त्या पाटावर एक सामाजिक उतरंडही उभी होती. मेल गाड्यांचे चालक बहुतांशी युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन असत. एतद्देशीय माणसाच्या वाट्याला बहुधा फावडे, सांध्याचा दांडा किंवा हातकंदील येई. एकाच इंजिनावर, एकाच धुरात दोघे काळवंडत. वेतन आणि मान मात्र दोघांचे वेगळे होते. कल्याण, लोणावळा, इगतपुरी येथील रेल्वेच्या वसाहतींत हा भेद घरांच्या आकारातही दिसे. या वसाहतींत अनेक ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कोणाचे आजोबा गार्ड होते, कोणाचे फिटर, कोणाचे चालक. बाप रात्रपाळीला घाटात गेलेला असताना पावसाचा जोर वाढला की घरात जागणाऱ्या आईने हातात जपमाळ घ्यावी, ही त्या घरांची रीत होती. स्वातंत्र्यानंतर उतरंडीची ही चौकट मोडली. ज्यांच्या आजोबांनी कोळसा टाकला, त्यांच्या नातवांच्या हाती दांडा आला.

खेकडा आणि त्याची करामत

दरम्यान घाटाचा कायापालट झाला होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे खोदून नवा मार्ग काढण्यात आला आणि रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर वीज आली. लोणावळ्याच्या परिसरातील धरणांचे पाणी याच कड्यावरून खाली आणून १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण केली जात होती. ज्या उंचीने रेल्वेला छळले होते, तीच उंची शक्तीचे उगमस्थान होऊ शकते, हे सह्याद्रीने त्या आधीच दाखवून दिले होते.

विजेच्या मार्गावर मालगाड्या ओढण्यास आली ती विलक्षण आकाराची इंजिने. मधोमध चालकाचे घर, पुढे-मागे दोन लांब नाके आणि दोन्ही बाजूंनी चाकांना जोडणारे, वरखाली हलणारे लोखंडी दांडे. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात चालणाऱ्या इंजिनांच्या धर्तीवर ती घडविलेली होती. युरोपात अशा इंजिनांना ‘मगर’ म्हणत. आपल्या लोकांनी मात्र त्या हलणाऱ्या दांड्यांकडे पाहून त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’, आणि ते कायमचे चिकटले. वजन सुमारे सव्वाशे टन, एकूण संख्या ४१. त्यांतील एकाला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले होते. ते इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

खेकड्याची करामत उतारावर दिसे. उतरणीला लागल्यावर चालक त्याच्या मोटारींची जोडणी अशी बदली की ज्या मोटारी चाके फिरवीत होत्या, त्यांना आता चाके फिरवू लागत. मोटारीची जनित्रे होत आणि गाडीच्या वजनातून वीज निर्माण होऊन वरच्या तारेत परत जाई. त्याच वेळी दुसरी एखादी गाडी घाट चढत असेल तर ती वीज तिच्या उपयोगी पडे. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देई, आणि चढणाऱ्या गाडीचा भार उतरणाऱ्या गाडीला आवरून धरी. पूर्वी जी शक्ती ब्रेकच्या धुरात जळून जात होती, ती आता शेजाऱ्याच्या कामी येऊ लागली. ही इंजिने साठ वर्षांहून अधिक काळ राबली आणि १९९०च्या दशकात निवृत्त झाली.

साताऱ्याची लेक

या इतिहासातील एक पान विशेष आनंदाने सांगावेसे वाटते. साताऱ्यातील एका शेतकरी कुटुंबात १९६५ मध्ये जन्मलेल्या सुरेखा यादव यांचे शिक्षण तेथील सेंट पॉल कॉन्व्हेंटमध्ये झाले आणि पुढे कराडला त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. रेल्वेची जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला. परीक्षेच्या वेळी त्या एकट्याच स्त्री-उमेदवार होत्या. १९८९ मध्ये त्या साहाय्यक चालक झाल्या आणि देशातील पहिली स्त्री-रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद झाली. मालगाडी आणि उपनगरी गाडी असे टप्पे त्यांनी पार केले. २०१० मध्ये त्यांनी घाटात गाडी चालविण्याचे प्रशिक्षण पुरे केले. ८ मार्च २०११ या महिलादिनी त्यांनी ‘डेक्कन क्वीन’ पुण्याहून मुंबईस आणली. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या राणीचे सारथ्य त्या दिवशी प्रथमच एका स्त्रीने केले. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की पुण्याहून मुंबई म्हणजे घाट उतरणे. अवघड बाजू ती हीच. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत ‘वंदे भारत’ आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या.

घाटाच्या इतिहासाच्या एका टोकाला ॲलिस ट्रेडवेल आहेत आणि दुसऱ्या टोकाला सुरेखा यादव. एकीने परिस्थितीने अंगावर टाकलेला भार खाली ठेवला नाही. दुसरीने कोणी न टाकलेला भार आपण होऊन उचलला. या दोघींच्या मध्ये दीडशे वर्षे आणि हजारो निनावी माणसे आहेत.

आजचा घाट

आज घाटात तीन मार्ग आहेत. जुना एकदिश विद्युतप्रवाह जाऊन तारांत पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह खेळतो आहे. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ‘बँकर’ इंजिने जोडतात. एकेक इंजिन सुमारे सव्वाशे टनांचे आणि पाच हजार अश्वशक्तीचे. चढताना पुढचा चालक ओढतो आणि मागचे चालक ढकलतात. मागच्यांना पुढचा रस्ता दिसत नाही, आणि पुढच्याला मागची इंजिने दिसत नाहीत. कोणी किती जोर लावायचा याचे ताळतंत्र सुटले तर मधले डबे आवळले जातील किंवा जोडणी तुटेल. ‘वंदे भारत’सारखी गाडी बँकरशिवाय घाट चढते, हे खरे, कारण तिच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत. परंतु गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्या गाडीलाही लागू आहे. उतरताना तिलाही सावकाशच यावे लागते.

पाऊस तर कोणाचेच ऐकत नाही. २०१९च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या परिसरात दरडी कोसळून आणि भराव खचून वाहतूक इतकी विस्कळित झाली की मुंबई-पुणे गाड्यांची सेवा दीर्घकाळ खंडित राहिली. पावसाळ्याच्या दिवसांत कड्यावर चढून सैल झालेले दगड पाडणारे आणि भर पावसात कंदील घेऊन रूळ तपासत चालणारे कामगार आजही आहेत. चालकाचा ब्रेक कितीही उत्तम असला तरी त्याच्या पुढचा रूळ या माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून असतो.

मोठे वाहन चालविणाऱ्याच्या अंगी मोठे बळ असावे अशी आपली समजूत असते. बोरघाटाचा इतिहास काही वेगळे सांगतो. बळ इंजिनाकडे असतेच. चालकाकडून अपेक्षा असते ती संयमाची. चढताना गाडी थांबली तर उशीर होतो, एवढेच. उतरताना ती थांबली नाही तर मात्र पुढे काही उरत नाही. मागे बसलेल्या दीड हजार माणसांपैकी एकाचीही झोप मोडली नाही, हीच त्या चालकाच्या कामाची पावती. त्याच्या कामाला टाळ्या नाहीत, कारण ते उत्तम झाले की कोणाला कळतच नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस पुण्याहून येताना लोणावळा सोडल्यावर, ना स्टेशन ना वस्ती अशा ठिकाणी गाडी उभी राहिली, आणि शेजारचा प्रवासी घड्याळाकडे पाहून ‘उगाच थांबली’ म्हणून कुरकुरू लागला, तर त्याला सांगावे की गाडी उगाच थांबलेली नाही. पुढे बसलेला मनुष्य आपण थांबू शकतो हे सिद्ध करून दाखवीत आहे. आता सांधा फिरेल, आणि मग वाट मोकळी होईल.